चातुर्मासातली घोडी

देव निजले की कंपूतल्या घोड्यांना काम उरत नाही.
वराती नाहीत, बँड नाही, मिरवायचं कुणाला?
लियाकतभाईंची बताशी मग तबेल्यात उभी राहून
आंबते, भिंत चाटते, दावं चावत बसते.
"बाईसाहब, आप ही फिरा लाओ," ते म्हणाले,
आणि स्वेच्छानिवृत्तीच्या वर्षी, बावन्नाव्या,
मी पहिल्यांदा मांड टाकली.

नुकरी आहे. नुसती पांढरी म्हणू नका.
पांढऱ्या केसांखाली कातडी गुलाबी,
खरवडून निघालेल्या गुडघ्यासारखी.
ओठ, पापण्या, कासेजवळची जागा
भादव्याच्या उन्हात लालभडक होते.
काळ्या-तांबड्या घोड्यांना माशी चावते,
हिला माशी नुसती येतानाही कळते.

सागरतालाच्या रस्त्याला म्हशींचे गोठे.
तिथून माशा आमच्याबरोबर निघतात
आमंत्रण नसलेल्या वऱ्हाडासारख्या,
मागून एखादी गोमाशी,
व्याह्याच्या तोऱ्यात.

खोगिराच्या पुढे, खांद्यावर
रुपयाएवढीच जागा थरथरते.
बाकीची घोडी स्थिर, चाल तीच,
फक्त ती जागा झटकून टाकते.
माझ्या मांडीला ते कळतं
शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलावी तसं.

पहिला आठवडा मी तिला हट्टी समजले.
ती मान झटके, मी लगाम ओढे,
ती पाय आपटे, मी टाच मारे.
आणि माशी दोघींच्या मध्ये
निवांत पाय चोळत.

नाकावर माशी बसू देत नाही,
असं शाखेत सगळे म्हणायचे मला.
कौतुक नव्हतं ते.
बताशीच्या नाकावर मात्र बसते, डोळ्याच्या कोपऱ्यात बसते,
तिथे शेपूट पोचत नाही,
तिथली कातडीही हलवता येत नाही तिला.
उरते ती मान, आणि मान मी धरलेली.

निंबोळीचं तेल लावलं. खोबरेलात कापूर.
लियाकतभाईंनी कडुनिंबाचा धूर केला,
आम्ही तिघं खोकलो, माशा नाही.
घाम आला की सगळी औषधं उतरतात,
तलावापर्यंत एकही पुरत नाही.

ट्रंकेत मुंडावळ्या सापडल्या.
खोटे मोती, पिवळे पडलेले,
एका बाजूचा गोंडा उंदरानं नेलेला.
दुसरी जोडी ज्यांच्या कपाळाला होती
ते भोपाळला असतात, बरे असतात.
सरी सोडवल्या, लांब केल्या,
कपाळपट्टीच्या चामड्याला दाभणानं शिवल्या,
बोट टोचलं दोनदा.
"घोडी को ही दूल्हा बना दिया!"
लियाकतभाई हसता हसता बादलीवर बसले.

दोनशे तरी नवरदेव वाहिले असतील हिनं,
प्रत्येक वेळी जरीची झूल, पितळी तुरा,
कानाशी ढोल, डोळ्यात झगमगाट.
आज पहाटे कुणी बघायला नव्हतं.
मान हलली, मोती हलले,
माशी उठली, फिरली, परत आली,
मोती पुन्हा हलले.
मी लगाम चार बोटं सैल सोडला.
दुडकी लागली तशी तिनं एकदा फुर्र केलं,
बाकी काही म्हणाली नाही.

कार्तिकात देव उठतील.
तेव्हा पट्टी काढून ठेवायची, असं ठरलंय.

तलावाकाठी थांबलो. किल्ल्यावर ऊन चढत होतं.
माझ्या मनगटावर एक येऊन बसली.
दोन्ही हात लगामात.
म्हटलं बघू, बताशीसारखं जमतंय का,
हात न हलवता तेवढीच जागा झटकायची.
दात आवळले, श्वास धरला,
कान हलला बहुतेक.
माशी होती तिथेच,
पुढचे पाय चोळत.