गिरणीवाल्याच्या घरी

सव्वीस वर्षं झाली, गावाचं दळण माझ्या अंगावरून जातं.
पट्टा फिरतो, खाली डबा भरतो,
वर जे उडतं ते माझं.
भुवया, कानांच्या पाळ्या, घड्याळाची काच.
खिशातली सुपारीसुद्धा शेवटी गव्हाचीच लागते.

नागपूरच्या डॉक्टरनं कागदावर
एकच धान्य लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या.
चिमूटही नको, म्हणाला.
मी खुर्चीवरून उठलो
तर रेक्झिनवर माझी पांढरी खूण.
रुमालानं पुसली. रुमालही पांढरा झाला.

तेव्हापासून गिरणी बंद करून मी मागच्या दारानं येतो.
कपडे बाहेरच्या दोरीवर, डोक्यावरून तीन बादल्या,
मग घर.
तोवर श्रावस्ती न्हाणीच्या पल्ल्याआड बसून
शाळेतलं सगळं मोठ्यानं सांगते,
मी पाण्याच्या आवाजात हो हो करतो.

मिक्सर नवा घेतला, चाळणी नवी, पोळपाटही नवा;
लाकूड जुनं विसरत नाही.
दुकानातल्या पोरानं विचारलं, ज्यूस काढता का काका?
म्हटलं, पीठ.
तो हसला. त्याच्या आईचं दळण
दर बुधवारी माझ्याकडेच असतं.

तांदूळ पंचशीला रात्री भिजवते,
सकाळी सावलीत धोतरावर पसरते.
मुठीत दाबून पाहते: चिकटला तर अजून नाही.
कवडूच्या बोडीतले शिंगाडे, वाळून दगड झालेले,
आधी खलबत्त्यात फोडायचे,
नाहीतर पात्याची धार जाते.
आणि ज्वारी, ताटात, दाणा दाणा सारून,
कुठं एखादा गहू लपून आला असेल तर.

दोन मुठी. जास्त नाही.
झाकणावर तळहात,
घर्र, थांब. घर्र, थांब.
भांडं थोपटून कडेचं खाली पाडायचं,
चाळायचं, कणी उरली की परत आत.
पाचव्या खेपेला मोटर तापते, जळका वास येतो,
सगळं गप्प.
बुडाशी लाल बटन असतं, पण ते लगेच दाबायचं नाही.
ज्याच्या दारात पोती रांगेत उभी राहतात
तो इथं एका वाटीसाठी
जमिनीवर मांडी घालून बसतो.

"काहून गा, गिरणीवाल्याच्या घरी मिक्सरात दळून राहिले म्हणे?"
आधी मी सगळं समजावून सांगायचो.
लोक म्हणायचे, एवढ्याशानं काय होते, गहूच तर आहे.
आता म्हणतो, हो, दळून राहिलो.

पण या पिठाला एकमेकांची ओढ नाही.
उकळतं पाणी घाला, मळा, थापा,
तव्यावर जाईपर्यंत चार तुकडे.
पंचशीला बोटाला पाणी लावून सांधत बसते.
एक दिवस डबा तसाच परत आला.
"मले गोल नाही पाहिजेन," पोरगी म्हणाली,
"गुंडाळता आली पाहिजेन.
साऱ्या पोरी गुंडाळून खातात."

माझ्या धंद्याचं ज्ञान इथं संपलं.
पंचशीलेनं चटणीचे जवस काढले,
न भाजता दळले, कोमट पाण्यात सोडले.
घटकाभरात बोट बुडवलं तर
वर आली लांब, लाजरी तार.
त्यात पीठ मळलं.
त्या दिवशीची पहिली पोळी दुमडली,
मधोमध भेग पडली,
पण सुटली नाही.

काल दळता दळता लाइन गेली.
भांड्यात अर्धं पीठ, अर्धी कणी.
कंदील नव्हता, मोबाइलचा उजेड होता.
श्रावस्तीनं झाकण काढून आत वाकून वास घेतला
आणि नाकाचा शेंडा पांढरा करून घेतला.

पुसायला माझा हात पुढं गेला
आणि सवयीनं मागं आला.
मग ध्यानात आलं:
अंघोळ झालेली आहे,
आणि पीठ तिचंच आहे.

तरी पुसलं नाही.
राहू दिलं.