ध्यान

हेल्वे सांगते, फक्त दहापर्यंत मोजायचं.
एका श्वासाला एक आकडा. दहा झाले की पुन्हा एक.
चुकलं तरी पुन्हा एक.
चार महिने झाले, मी अजून पाच पाहिलेला नाही.

एक.
दोन. रेडिएटरच्या पोटात कुणीतरी चमचा आपटतंय.
तीन, शेगडी बंद केली ना मी,
वाटाण्याचं सूप, उकूचा डावा हातमोजा
बसमध्ये राहिला की शाळेत,
आणि आपण डावे आहोत हे लोकरीला कधी कळतं,
अंगठा फुटल्यावर?
कितीवर होतो आपण?
एक.

खाली बूट दुरुस्तीचं दुकान, वर आम्ही नऊ जण.
तार्तूतला फेब्रुवारी, उणे चौदा.
खिडकीबाहेर एमायोगी नदी
बर्फाचा आव आणून बसली आहे.
खालून चालूच असणार तिचं.
मी ओळखते असल्या बायका.

उकूसाठी डॉक्टरांनी फॉर्म दिला होता.
सहाव्या प्रश्नापासून मी 'तो'च्या जागी 'मी' वाचू लागले,
बाराव्याला रडू फुटलं,
मग फॉर्मच हरवला.
आईला फोन केला. म्हणाली,
तुझ्या लहानपणी या आजाराला नाव नव्हतं.
थोडं थांबून म्हणाली, होतं. तुझंच.

शाळेत बाई विचारायच्या, ध्यान कुठे आहे तुझं?
मधल्या सुट्टीत पोरी म्हणायच्या, काय ध्यान आहे!

सकाळची गोळी चारला उतरते, वर्ग सहाला भरतो,
म्हणजे जिना चढून येते ती बिनभेसळीची मीच.

गेल्या बुधवारी हेल्वेचा घसा बसला होता.
तिने घंटा माझ्यापुढे सरकवली.
पितळी वाटी, लाकडी टोला, शेजारी घड्याळ.
वीस मिनिटं झाली की एकदा वाजव.
मला सांगत होती. जिच्या घरी वेळ
न कळवता येते आणि न जेवता जाते.
मी घड्याळाकडे पाहिलं. अठरा सेकंद.
मग समोर आर्व्होचा पाय दिसला.

आर्व्हो रेल्वेत गार्ड होता, आता ब्याऐंशीचा, खुर्चीवर बसतो.
राखाडी मोजा, टाचेला हिरव्या धाग्याचं रफू.
एका धाग्यावरून, दुसऱ्याखालून,
वळून पुन्हा वरून,
एका ठिकाणी हात थकलेला, घर सैल पडलेलं,
मग सावरलेलं, मग हिरवा संपून
तसाच, पण तो नव्हे असा हिरवा.
शेवटी गाठ नव्हती.
टोक नुसतं सोडलेलं, दीड बोट.
मी त्या टोकापाशी थांबले.
एकदाही 'एक' म्हटलं नाही.

हेल्वे खोकली.
एक्कावन्न मिनिटं झाली होती.
कुणाच्या पायाला मुंग्या, कुणाची बस गेलेली,
आर्व्हो घोरत होता.
माझा हात इतका थरथरला की घंटा दोनदा वाजली.
कुठे होतीस, हेल्वेने खरखरत विचारलं.
मोज्यात.
ती हसली नाही.
आर्व्हो जागा होऊन पायाकडे बघत म्हणाला,
लेइदाचं काम. तिला गाठी मारायचा कंटाळा आहे.
आहे, म्हणाला.
तिच्या दफनाला आम्ही सगळे गेलो होतो.

पुलावरून पळत घरी आले.
शेगडी बंद होती. सूप मी केलंच नव्हतं.
किल्लीसाठी खिशात हात घातला तर हाती लाकडी टोला.
उकूने तो आधी ग्लासवर मारला,
मग रिकाम्या पातेल्यावर,
मग रेडिएटरवर,
आणि आवाज पार भिंतीत मुरेपर्यंत
आम्ही दोघं, का कोण जाणे, हललो नाही.
मग तो म्हणाला, भूक लागलीय.