फेब्रुआरी

माझं आडनाव फेब्रुआरी.
हसायचं तर आत्ताच हसून घ्या.
सदरलँडच्या शाळेत एक सप्टेंबर होता, दोन एप्रिल होत्या,
हजेरी घेताना बाई म्हणायच्या, आज वर्ष अपुरं आहे.

खापरपणजोबांच्याही मागे कुठेतरी
केपच्या धक्क्याला जहाज लागलं.
कारकुनाने मान वर केली नाही,
महिना कोणता, एवढंच विचारलं शेजारच्याला.
त्या माणसाने तोंडाने जे सांगितलं असेल
ते वहीच्या कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

आता मी रात्रपाळीला दुर्बीण चालवते.
डोंगरावर उणे सहा, वारा घुमटाला कान लावून,
थर्मासमध्ये रॉयबॉस.
यादी येते: चाळीस हजार सातशे सतरा.
आकडे टाइप केले की
टनावारी लोखंड निमूट वळतं.
नाव टाइप केलं तर वळत नाही. करून पाहिलंय.

आकड्याला मी वाईट म्हणणार नाही.
तो कुणाची खुशामत करत नाही,
आणि रात्री तीनला, डोळे मिटत असताना,
चुकू देत नाही.
एकच खटकतं.
त्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाला म्हणतात 'बी'.
मग 'ए' कुठाय, मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.
तो ताऱ्याचा, म्हणाले. राखून ठेवलेला.
बाबांना सांगितलं तर म्हणाले,
म्हणजे मालकाची खुर्ची.
मालक केपटाउनला असला तरी आपण बसायचं नाही.

बाबा मेंढ्या राखतात.
प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर.
पण अंधार पडला की जीभ टाळूला लावून
ते एक आवाज काढतात.
कुणी गेल्याचं कळल्यावर तोंडून निघतो ना,
च्च,
तसाच, जरा कोरडा, जरा मागून,
आणि दोनशेतली एकच म्हातारी मेंढी मान वर करते.

गेल्या ऑक्टोबरात फॉर्म आला.
ताऱ्याला आणि त्याच्या बी-ला नाव सुचवा.
सोळा अक्षरांच्या आत. जिवंत माणसाचं नको.
सेनापतीचं नको, दुकानाचं नको.
उच्चारायला सोपं हवं.
कुणाला, ते लिहिलं नव्हतं.

चौथीतली रोझेल्डा एक शब्द घेऊन डोंगर चढून आली.
आजीने दिलेला. अर्थ आजीलाही ठाऊक नाही,
तिच्या आजीकडचा तो.
भाषा बोलणारं कुणी उरलं नाही,
शब्द तेवढा राहिला,
मोकळ्या घरात खुंटीला कोट राहावा तसा.
आणि सुरुवातीलाच तो आवाज. च्च.
कीबोर्डवर शोधला. शेवटी उभी रेघ टाकली.
फॉर्म लाल झाला: हे चिन्ह चालत नाही.
रेघ काढली, तर शब्दाचं तोंडच गेलं.
रोझेल्डा म्हणाली, असाच पाठवा,
वाचताना लावतील ते.
पाठवला.

सात महिन्यांनी निकाल.
दूरच्या एका शाळेने सुचवलेलं फूल जिंकलं.
छान आहे. गुळगुळीत आहे.
प्रमाणपत्र सगळ्यांनाच मिळालं,
रोझेल्डाच्या प्रमाणपत्रावर तिचंच नाव चुकलेलं.

काल तो तारा पुन्हा यादीत होता.
फुलाच्या नावाने नव्हे, यादीला फुलं कळत नाहीत.
चाळीस हजार सातशे सतरा.
लोखंड वळलं. पडद्यावर ठिपका आला,
बाकीच्या ठिपक्यांसारखाच.
घुमटात कुणी नव्हतं.
मी जीभ टाळूला लावली.

बाबांसारखा नाही निघाला,
हळहळल्यासारखाच निघाला.
ठिपका जरासा हलला.
वर हवा हलली म्हणून, मला माहीत आहे ते.

नोंदवहीत वेळ लिहिली.
महिना लिहिला, जुलै.
सही केली, फेब्रुआरी.