दोन नंबरचं बेअरिंग

बाहेर सत्तेचाळीस. जबल हफीतवर उन्हाची धूळ.
आत, मॉलच्या तळघरात,
बाबा मे महिन्यात स्वेटर घालून
दोन कॉम्प्रेसरांच्या मधे स्टूल टाकून बसायचे.
वर अल ऐनची पोरं घसरत, ती बाबांच्या भरवशावर.

आमच्या राजापुरात गंगा येते न सांगता,
जाते न सांगता.
इथे पाणी वेळापत्रकाने दगड व्हायचं
आणि बाबा नोंदवहीत लिहायचे:
उणे सहा, उणे सहा, उणे साडेपाच.
पुढे लाल पेनाने सही.

रात्री अकरानंतर मला बर्फ फुकट.
भाड्याचे निळे बूट, पुढे कागदाचे बोळे.
शिकवलं कुणी नाही. पडलो.
कठड्याशी रोमेल नावाचा फिलिपिनो गार्ड
माझं पडणं बोटांवर मोजायचा;
ज्या रात्री एकच हात पुरला
त्या रात्री त्याने चहा पाजला.

पहिल्या जर्सीवर नाव घालायचं
तर सूकमधला शिंपी अक्षरामागे तीन दिरहम मागे.
धोपेश्वरकर. रोमन लिपीत तेरा अक्षरं.
बाबांनी पाकीट उघडलं, मिटलं,
म्हणाले, "धोपे पुरे."

पुढची अकरा वर्षं मी धोपे.
लाटवियातल्या एका गावात, जिथे पगार उशिरा यायचा
आणि अंधार वेळेच्या आधी,
तिथला निवेदक मला डोपी म्हणे, दोपा म्हणे,
कंटाळला की नुसतं एकवीस नंबर.
तीन हंगाम. नऊ गोल.
दहावा होता होता कठड्यावर आपटलो
आणि गुडघ्यात काहीतरी
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसं वाजलं.
निवेदकाला ते दिसलंच नाही.
तो केव्हाच चकतीमागे
मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला होता.

आता मी काचेआड. कानांवर हेडफोन, पुढ्यात सुलेमानी.
वीस वर्षं पायांना कळत होतं
ते तोंडाने सांगायचं
म्हणजे माशाने पाण्याची व्याख्या करायची.
पहिल्या रात्री बसल्या जागी धाप लागली.
"श्वास माइकपासून लांब घे," प्रोड्यूसर लैला म्हणाली.

एक मात्र आहे: मी कुणाचं नाव तोडत नाही.
समोर कझाक बचावपटू असो
नाहीतर इथलाच मुसबह खलफान अल दरमकी,
तोवर चकती जाळ्यात गेली तर जाऊ दे,
नाव पुरं घेतो.
लैला कपाळाला हात लावते.

गेल्या गुरुवारी
सोळा वर्षांचा एक पोरगा कठड्याशी पडला
आणि मी गप्प झालो.
सात सेकंद.
रेडिओवर सात सेकंद म्हणजे
निवेदक गेला की काय.
लैला काच ठोकत होती.
पोरगा उठला, गुडघा चोळला,
काठी शोधू लागला.
मी त्याचं नाव घेतलं. बापाच्या नावासकट.

सामना संपला तोच बाबांचा फोन.
राजापुरात तेव्हा रात्रीचा दीड.
बाबांना अरबी येत नाही, इंग्रजी झेपत नाही,
तरी आठ वर्षं दर सामना लावतात
स्टीलच्या तांब्यात मोबाइल उभा करून.
मला वाटायचं, मला ऐकतात.

"मधे तू गप्प बसलास ना," ते म्हणाले.
मी खुलासा जुळवू लागलो.
"तेव्हा कुठे नीट ऐकू आलं.
दोन नंबरचं बेअरिंग जातंय.
सांग त्यांना, नुसतं ग्रीस नको. बदलाच."

खाली गेलो. स्टूल तेच.
त्यावर ओडिशाचा नवा ऑपरेटर, मफलर गुंडाळून.
दोन नंबरवर तळवा ठेवला.
थरथर होती, बारीक, मधेच चुकणारी.
नोंदवही मागितली.
शेरा लिहिला: बेअरिंग बदलणे.
आणि सही केली, तेराच्या तेरा अक्षरांची.

"रकाना छोटा आहे, साहेब," तो म्हणाला.
होताच.
शेवटची चार अक्षरं
उणे साडेपाचवर गेली.