रनिंग

मोरकँबला, समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत
शफीकनं गॅरेजचं दार खांद्यानं ढकललं
तेव्हा आतून आधी वास आला:
रबराचा, दमट पुठ्ठ्याचा,
आणि कुठूनसा पेपरमिंटचा.

मग ती. फिकट हिरवी मायक्रा,
वय वर्षं सतरा,
मीटरवर रनिंग
आठ हजार एकशे सतरा.

इचलकरंजीत काकांच्या फियाटचा मीटर
बंडू मेस्त्रीनं ड्रिल लावून उलटा फिरवला होता.
एका दुपारीत गाडी
चाळीस हजार किलोमीटरनं तरुण झाली
आणि जयसिंगपूरच्या एका मास्तरांना विकली गेली.
मी दहा वर्षांची, शेजारी उभी,
आकडे मागे पळताना बघत होते.
तेव्हापासून मी आधी सीट बघते,
आकडा नंतर.

आणि सीट बसलेली होती.
दोन्ही.
शेजारची सरळ, खोल.
ड्रायव्हरची डावीकडे कललेली,
वर्षानुवर्षं एका कुशीवर झोपणाऱ्याच्या
गादीसारखी.
रेडिओच्या बटणावरची अक्षरं पुसलेली.
पण पेडलचं रबर कोरं,
स्टिअरिंगही कोरं.
शफीकनं भुवई उडवली.
कुठंतरी पाणी मुरतंय.

मिसेस ऑलेरेनशॉ काठी टेकत आल्या,
काखेत फाइल.
दरसालच्या एमओटीचे कागद, तारीखवार, भोकं पाडून लावलेले.
पहिल्या पाच वर्षांत आठ हजार एकोणसत्तर मैल.
मग वर्षाला चार.
बारा वर्षं, चार, चार, चार.

"चार?"
"टेस्टला जायला दोन, यायला दोन.
शेजारचा कीथ नेऊन आणायचा."

क्लिफर्डचं डावं अंग गेलं,
लायसन पाकिटात घालून परत पाठवावं लागलं.
ह्यांना गाडी येत नाही, कधीच आली नाही.
पण दुपारी फिरायला निघायची सवय
काही केल्या जाईना.
म्हणून तीन वाजता, भांडी विसळून झाली की
दोघं गॅरेजमध्ये येऊन बसायची,
पट्टे लावून, दार सताड उघडं टाकून.
गल्लीच्या तोंडाशी दिसणारा
रुमालाएवढा समुद्र.
थर्मास. पेपरमिंटची पुडी.
उन्हाळ्यात रेडिओवर क्रिकेट.

"रोज?"
"रोज."
"पावसातसुद्धा?"
"गॅरेजला छप्पर आहे की," त्या म्हणाल्या,
माझ्या अकलेचं जरा नवल वाटून.

क्लिफर्ड मार्चमध्ये गेले.

शफीक गाडीखाली सरपटला,
आणि खालूनच याद्या सांगू लागला:
टायरना चिरा, डिस्कवर गंज, बेल्ट वाळून पापड.
"बाजी, उभी गाडी
पळत्या गाडीच्या आधी म्हातारी होते.
साडेआठशे. वर एक पेनी नाही."
मी साडेनऊशे दिले.
लँकेस्टर येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

नोटा त्यांनी दोनदा मोजल्या, बोट ओलं करून.
मागच्या सीटवरून थर्मास तेवढा उचलला,
झाकण घट्ट आहे का बघितलं,
आणि आत गेल्या. वळून बघितलं असेल तर
मला दिसलं नाही. मी क्लच शोधत होते.

आता दहा हजार होऊन गेले.
टायर नवे, बेल्ट नवा, सीट त्याच.
माझी कंबर पहिले काही आठवडे कुरकुरली,
मग तीही डावीकडे कलायला शिकली.

इस्पितळातली रात्रपाळी संपते,
दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या डकवून
डोळे चुरचुरत असतात.
घरासमोर येते, इंजिन बंद करते
आणि उतरत नाही.
समोर समुद्र वगैरे नाही,
कौन्सिलचे कचऱ्याचे डबे आहेत, दोन निळे, एक तपकिरी.
दहा मिनिटं. कधी वीस.
पट्टा तसाच.
मीटर हलत नाही,
त्यामुळे हे कुठल्याच कागदावर येणार नाही.

काल पावती शोधायला कप्प्यात हात घातला
तर कोपऱ्यातून एक पेपरमिंट निघाली,
कागदाला चिकटलेली, मऊ पडलेली.

खाल्ली.