एक्केचाळीस आणि सत्त्याहत्तर

कुताइसीच्या प्रसूतिगृहात रात्री अडीचला
लामारा नेटवर्कची वाटणी करते.
दोनशे छप्पन्न पत्ते, आजवर एकाच खोलीत:
कुणी "कोण आहे?" विचारलं
की सोनोग्राफीपासून गेटवरच्या कॅमेऱ्यापर्यंत
सगळ्यांचे कान टवकारायचे.

आता चार वाटे, चौसष्ट-चौसष्टचे.
प्रत्येकातला पहिला पत्ता घराचं नाव,
शेवटचा घरभर मारायची हाक;
त्या दोहोंत कुणाला राहता येत नाही.
उरले बासष्ट. त्यातला एक उंबऱ्याला.

वाटणीत भांडी वाजतात म्हणे.
इथे स्विचचे दिवे मिनिटभर विझले, इतकंच.
मास्क बदलला, केबल तीच.
भिंत कुठेच दिसत नाही.

पहाटे औषधालयातून गोचाचा फोन:
"म्झियाचं मशीन दिसत नाहीये."
तो एक्केचाळीस, एक्स-रेतली ती सत्त्याहत्तर.
दोघांत एक सामाईक फोल्डर होतं.
पाककृती, म्हणाला. अक्रोडाच्या.
रोज रात्री एक, सहा वर्षं.

लामारा हसत नाही.
वहीत लिहिते: वाटणी पूर्ण.
मग राउटरवर एक ओळ वाढवते,
एक्केचाळीस ते सत्त्याहत्तर, जाऊ दे, येऊ दे,
आणि कारणाच्या रकान्यात
नुसतं: अक्रोड.