चार आकडे

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटा तपासल्या.
शाई जरा फुटली, नंबर जरा तिरका,
की कागद बाजूला.
बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना मागाहून.
सुटताना आमचीही झडती व्हायची,
पदर, डबा, चपलेचा तळ.
त्या झडतीचा राग कधी आला नाही.

परवा, कुकरची दुसरी शिट्टी झाली होती,
तो म्हणाला, "इंदुमती गांगुर्डे मॅडम ना?
कार्ड डिपार्टमेंटमधून बोलतोय.
तुमचे सात हजार दोनशे पॉइंट
आज रात्री बाराला संपतात."
पॉइंट म्हणजे काय, मला नीट ठाऊक नव्हतं,
पण संपतात म्हटल्यावर जीव हळहळलाच.
त्याला माझी जन्मतारीख माहीत होती.
जेल रोड, पिठाच्या गिरणीवरचा मजला,
तोही बरोबर.
आणि काय ती अदब!
पोटच्या पोरानं महिन्यात
इतक्यांदा आई म्हटलं नसेल.

मेसेज आला. सहा आकडे.
खाली लिहिलेलंच होतं, कुणाला सांगू नका.
मी ते वाचलं, आणि चष्मा वर सारून
त्यालाच विचारलं, "हेच का ते?"

आठ, शून्य, तीन, तीन,

इथवर आले,
तर त्याच्या पाठीमागून दुसराच आवाज,
"आज रात्री बाराला संपतात, सर."
तीच चाल, तोच थांबा.
त्याच्याही मागे तिसरा.
एकाच प्लेटवरून काढलेली वाक्यं.

माझी बोटं जागी झाली.
छपाई मला कळते, बाबा.

"मॅडम, राहिलेले दोन?
फोन ठेवू नका, कार्ड बंद होईल."
अदब विरळ झाली होती,
खालची घाई दिसू लागली होती.
होऊ दे, म्हटलं,
आणि फोन डाळीच्या डब्यावर पालथा घातला.

कार्डाच्या पाठीवर बारीक अक्षरात
बँकेचा नंबर असतो. भिंगातून वाचला.
मीच लावला.
वीस मिनिटं पेटी वाजत राहिली कानात.
कार्ड बंद करून घेतलं. वरण करपलं.

संध्याकाळी खैरनार सरांकडे गेले.
गणिताचे सर. महिनाभर कट्ट्यावर नव्हते.
आपणहून सांगितलं, सर, मी चार आकडे दिले.
ते पंख्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "मी सहाही दिले.
एकेचाळीस हजार. घरात बोललो नाही.
पाढा चुकला की पोरांना
बाकावर उभं करायचो मी."

मी एकोणीसशे तीस लावून दिला त्यांना.
उशीर झाला होता, तरी लावून दिला.
तारीख, वेळ, रक्कम, सर सांगत गेले,
आणि सांगता सांगता
खुर्चीत जरा सरळ बसले.

नोट उजेडात धरली की आतली खूण दिसते.
आवाज कुठल्या उजेडात धरायचा?

आता अनोळखी नंबर असला
की मी ऐकून घेते, ठेवते,
आणि मला ठाऊक असलेल्या नंबरावर
उलट फोन करते.
जावयानं नवं सिम घेतलंय. तीनदा ठेवला त्याचा.
चिडलाय.
त्याला म्हटलं, झडती आहे ही,
राग मानायचा नसतो.